मामांचा दिवा आणि माझे नऊ हजार नऊशे

माझी नोकरी एका कंपनीच्या खरेदी विभागात होती. खिळे, खुर्च्या, पंखे, फायली, काय लागेल ते निवडायचं. तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवायची, रकाने आखून तक्ता करायचा, प्रत्येक रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा लाल पेनाने गोल करायचा आणि शेवटी साहेबांनी आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाला ऑर्डर द्यायची. माझ्या तक्त्यावर जगात काहीही अवलंबून नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझा समज उलटाच झाला, की वस्तू निवडावी तर मीच. घरातला मिक्सर, कुकर, बायकोची छत्री, सगळं मी तक्ता करून घेतलं होतं. ती छत्री उघडायची झकास, पण मिटायची नाही. बायको पावसाळाभर ती उघडीच घेऊन रिक्षात बसायचा प्रयत्न करायची.

आम्ही वसई स्टेशनजवळ एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचो. मी मूळचा रत्नागिरीकडचा, वाढलो गिरगावात, आणि तिथे घर परवडेना म्हणून वसईत आलो. बायको मात्र अस्सल इथली, निर्मळच्या बागायतदारांची मुलगी. तिच्या माहेरच्या बागेला सगळे वाडी म्हणतात. कडेने केळी, मधे भाजीचे वाफे, एका कोपऱ्यात बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, आणि उरलेल्या सगळ्या जागेत मोगरा. माझ्या सासऱ्यांचा जीव त्या मोगऱ्यात होता. त्यांना मी मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी.

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. लोडशेडिंगने वसई-विरारचा जीव मेटाकुटीला आला होता. पण मामांना अंधाराचं कौतुक नव्हतं, कारण त्यांचं काम अंधारातच सुरू व्हायचं. मोगऱ्याची कळी टपोरी पण मिटलेली असतानाच खुडायची असते. ऊन चढलं की ती उमलायला लागते आणि बाजारात पोचेपर्यंत तिचं काही खरं नसतं. त्यामुळे मामा पहाटे चारला वाडीत हजर. कमरेला ओल्या फडक्याची झोळी आणि कानावर रुमालाने करकचून बांधलेला पत्र्याचा जुना टॉर्च, दोन जाड्या सेलचा. त्या वजनाची डोक्याला इतकी सवय झाली होती, की दिवसाही त्यांची मान उजवीकडे जरा कललेली असायची.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मामा एका पहाटे वाडीत चक्कर येऊन पडले. त्यांना मधुमेह होता, साखर एकदम उतरली. उजाडल्यावर मामींना ते मोगऱ्याच्या ओळीत सापडले. दोन दिवस दवाखान्यात राहून घरी आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा झोळी बांधायला लागले. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या मेहुण्याने फोनवरून फर्मान काढलं, की पहाटे वाडीत जाणं आजपासून बंद. माझ्या बायकोनेही त्याचीच री ओढली. मामा जेवेनासे झाले. ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि उठायचे. आठवडाभर हे चाललं. शेवटी मामींनी तोडगा काढला. "जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या, "पण दिवा चांगला पाहिजे. हा जुना टॉर्च पुरत नाय. चांगला दिवा मिळाला तर जायचं, नायतर घरात बसायचं."

म्हणजे मामांनी वाडीत जायचं की खाटेवर बसून भिंतीकडे बघायचं, हे आता एका टॉर्चवर आलं होतं. तो टॉर्च कोण निवडणार, असा प्रश्न मला पडलाच नाही. त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. खरं तर मामी बघत होत्या बायकोकडे, मी मधे बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटल्यावर मी इंटरनेटवर बसायला लागलो. लिथियमचे सेल तेव्हा नुकते मोबाइल आणि लॅपटॉपमधून बाहेर पडून टॉर्चमध्ये शिरत होते. नेहमीच्या पेन्सिल सेलपेक्षा जरा उंच, जरा जाड, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. मी ऑफिसच्या कागदावर बारा पानांचा प्रिंटाउट काढला आणि तक्ता केला. उजेड किती लांब जातो, हा एक रकाना. सेलवर छापलेला आकडा, म्हणजे त्यात वीज किती साठते, हा दुसरा. तिसरा रकाना रंगाचा होता, कारण दोन रकान्यांचा तक्ता फारच गरीब दिसतो. नावाजलेल्या सेलवर बावीसशे, फार तर चोवीसशे असा आकडा असायचा. मुंबईतल्या एका फुटपाथवर मला जो सेल मिळाला त्यावर छापलं होतं नऊ हजार नऊशे, तेही सोनेरी अक्षरांत. बावीसशेवाले सेल घेणाऱ्या लोकांची मला मनापासून कीव आली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहून काढली होती, पण ती सेललाही लागू पडते हे तेव्हा सुचलं नाही.

कपाळाला पट्ट्याने बांधायचा टॉर्चही मी असा निवडला, की झोत लांबच्या लांब जावा. घरी आणून सेल चार्जिंगला लावला तर चार्जर चांगलाच तापला. लिथियम पेट घेतो असं दुसऱ्या पानावर वाचलं होतं, म्हणून मी माठ रिकामा केला आणि तो सगळा संसार त्यात ठेवून माठ गॅलरीत नेला. बायको तहानलेली स्वयंपाकघरात आली आणि नुसती बघत राहिली. "माठात बॅटरी थंड करणारा माझ्या माहितीतला तू पहिलाच," एवढंच म्हणाली. मी तिला नऊ हजार नऊशे हा आकडा दाखवला. ती शेजारी पाणी प्यायला गेली.

रविवारी मी निर्मळला टॉर्च घेऊन गेलो. भर दुपारची वेळ, उजेड दिसेना, म्हणून मामांना आणि मामींना मी कोठीच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि दिवा लावला. समोरच्या भिंतीवर बशीएवढा गोळा असा काही लखलखला, की मामींनी डोळे मिटून घेतले. मी ते कौतुक समजलो. मग मी सेल काढून मामांच्या हातात दिला आणि भाषण केलं. त्या भाषणातलं एक वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं. मी म्हणालो, "मामा, एक पथ्य पाळायचं. सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करायचा नाही. दिवा आपोआप विझेपर्यंत वापरायचा. अर्धवट चार्ज केला तर सेलला वाईट सवय लागते."

हे पथ्य आधीच्या पिढीतल्या सेलचं होतं, माझ्या जुन्या कॅमेऱ्यातल्या. लिथियमचं नेमकं उलट असतं. त्याला पूर्ण उपाशी ठेवायचं नसतं, थोडं संपलं की भरायचं असतं. हे माझ्याच प्रिंटाउटच्या सातव्या पानावर लिहिलेलं होतं. मी सहाव्या पानावरून उठून खरेदीला गेलो होतो.

मामांनी सेल तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, एकदा माझ्याकडे आणि एकदा मामींकडे पाहिलं आणि मूठ मिटली. "जावयांनी आणलाय," ते म्हणाले, "म्हंजे चांगलाच असेल." मला ते शब्द इतके गोड लागले, की मी दोन वाट्या जास्त खीर खाल्ली.

इथे माझ्या सासुरवाडीची एक रीत सांगायला हवी. जावयाने आणलेल्या वस्तूला तिथे नाव ठेवत नाहीत. वस्तू कशीही असो, ती वापरायची, चार माणसांना दाखवायची आणि जावई विचारेल तेव्हा छान म्हणायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांना तक्ता करून निवडलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते रोज वीस मिनिटं मागे पडायचं. वर्षानुवर्षं ते ओटीवर मानाने टांगलेलं होतं आणि वेळ बघायची झाली की मामा उठून स्वयंपाकघरातल्या जुन्या घड्याळाकडे जायचे. मला वाटायचं त्यांना सारखी भूक लागते.

तर त्या रीतीप्रमाणे टॉर्च रोज वाडीत गेला. मामा पुन्हा कामाला लागले, जेवायला लागले, मामींच्या फोनवरच्या आवाजात पूर्वीचा ठणठणीतपणा आला. मी दर रविवारी विचारायचो, "मामा, टॉर्च कसा काय?" मामा म्हणायचे, "फस्क्लास." मामी त्या वेळी नेमक्या चहा बघायला आत जायच्या. मी ऑफिसात दोघातिघांना लिथियमवर मोफत सल्ला द्यायला लागलो होतो, त्यातल्या एकाने माझं ऐकलंसुद्धा. त्याचं पुढे काय झालं ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

प्रत्यक्षात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. माझा झोत इतका लांब जायचा, की पलीकडच्या वाडीतल्या माडावरचे नारळ मोजता आले असते. मोगऱ्याची कळी असते हातभर अंतरावर. तिथे तो उजेड असा काही पांढराफटक पडायचा, की कळी कुठली आणि चकाकी कुठली ते कळेना. मामांनी काचेवर मामींच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. रविवारी मी यायच्या आधी ती सोडून ठेवायचे. आणि ते नऊ हजार नऊशे तासाभरात संपायचे. साधे सेल संपताना उजेड आधी पिवळा होतो, मग लालसर होतो, माणसाला घरी परतायला वेळ देतो. माझा दिवा शेवटच्या क्षणापर्यंत लख्ख असायचा आणि पुढच्या क्षणी काळोख. दुसरा कोणी असता तर त्याने दिवा विझायच्या आतच घरी येऊन सेल चार्जिंगला लावला असता. पण मामांना जावयाने पथ्य घालून दिलं होतं. ते रोज दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि विझला की उरलेला मोगरा नुसत्या बोटांनी खुडायचे. पस्तीस-चाळीस वर्षांची बोटं ती, कोणती कळी आजची आणि कोणती उद्याची हे त्यांना अंधारातही कळायचं.

एका सकाळी सहाच्या आधी आमचा फोन वाजला. फोन मामांचा होता आणि ते स्वतःहून कधी फोन करत नसत, म्हणून बायकोने उचलतानाच भिंतीचा आधार घेतला. पडल्या होत्या मामी. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या बाकावर बसल्या होत्या, उजवा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. शेजारी मामा, कमरेला झोळी तशीच बांधलेली, त्यातून पाणी ठिबकत होतं. सगळ्या दवाखान्याला मोगऱ्याचा वास येत होता.

झालं होतं असं. दिवा विझला. तो रोजच विझायचा, आणि विझला की मामी मागच्या दारातून हाक मारायच्या, मामा वाडीतून "हाय, हाय" म्हणायचे, की मामी पुन्हा हातातल्या कामाला लागायच्या. पण त्या पहाटे लोडशेडिंग संपून वीज आली होती आणि शेजाऱ्याने पाण्याचा पंप लावला होता. "हिची हाक मना आली नाय आणि माझी हिला गेली नाय," मामा म्हणाले. मामी काळोखात धावत सुटल्या आणि पाण्याच्या पाटात पाय जाऊन पडल्या. हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

माझ्या डोक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. मी मामींना विचारलं, "पण दिवा गेला म्हणून तुम्ही का धावलात? मामांना तर अंधारातही खुडता येतं."

मामींनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं, की मला पुढचं ऐकूच नये असं वाटलं. "त्यांना उजेड कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "त्यांना काय दिसायचं राहिलंय त्या वाडीत? दिवा मना पाहिजे. ते पडल्यापासनं मी मागच्या दारात बसते, दिवा हलतोय तवर माणूस उभा हाय."

मला लाज वाटली. नंतर आठवून विनोद करता येतो, पण त्या बाकासमोर उभा असताना फक्त लाज वाटली. बारा पानं वाचली, तीन रकाने आखले, आणि दिवा कुणाला हवा आहे एवढं विचारलं नव्हतं.

त्यानंतर मामा वाडीत जायचे बंद झाले. कुणी बंदी घातली नाही, ते आपणहूनच थांबले. "दिवा गेला तर ती पुन्हा धावंल, प्लास्टर असलं तरी धावंल," ते बायकोला म्हणाले. दिवसभर ते मामींना उठवायचे, बसवायचे, चहा करायचे, तोही बिनसाखरेचा आणि बऱ्याचदा बिनपत्तीचा. सकाळी आठपर्यंत सगळी वाडी पांढरी होऊन जायची. न खुडलेला मोगरा एकदम फुलायचा आणि वास रस्त्यापर्यंत यायचा. येणारेजाणारे सायकल थांबवून म्हणायचे, काय बहर आलाय यंदा. मामा मागच्या दाराकडे पाठ करून बसलेले असायचे. ते पुन्हा भात चिवडायला लागले होते, आणि आता समजूत घालायला मामींकडे तोडगाही उरला नव्हता.

दुसऱ्या रविवारी मी सातवं पान घेऊन निर्मळला गेलो आणि दोघांसमोर माझी चूक कबूल केली. पथ्य चुकीचं होतं, दिवा माझ्या सांगण्यामुळे विझत होता, हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "असू दे, टॉर्च तसा फस्क्लास हाय."

"मामा," मी म्हणालो, "आता तरी खरं सांगा. जावई म्हणून नका सांगू. मी तुमचा जावई नाहीच असं समजा."

मामी घाबरल्या. "भरल्या घरात असं काय बोलता," असं म्हणत त्यांनी मुलीकडे पाहिलं. माझी बायको म्हणाली, "बाबा, सांगून टाका. घड्याळाचंही सांगा." अशा रीतीने घड्याळाची हकीगत मला त्या दिवशी कळली. घड्याळाचं झाल्यावर मामांनी कोनाड्यातून माझा सेल काढला आणि पहिल्या दिवशी केला होता तसाच तळहातावर वरखाली केला.

"पोकळ हाय," ते म्हणाले.

"कधी कळलं?"

"हातात घेतला तवाच."

ज्या माणसाने जन्मभर वजनावर मोगरा विकला, ज्याला झोळी नुसती उचलून आज किती भरला ते सांगता येतं, त्याच्या तळव्याला मी सोनेरी आकडा वाचून दाखवला होता. बडा घर पोकळ वासा हे मामांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं आणि रीतीपायी ते गप्प बसले होते.

मी मामांना स्कूटरवर मागे बसवून पापडीला नेलं. तिथे एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, गावातलाच, चष्म्याला दोरी बांधलेला. त्याने माझा सेल पाहिला, तो मामांच्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातात लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला एक सेल ठेवला. मामांनी दोन्ही हात जोखले आणि कितीतरी दिवसांनी हसले. माझा सेल जवळजवळ निम्म्या वजनाचा होता.

"साहेब," दुकानदार मला म्हणाला, "एवढ्याशा नळीत नऊ हजार मावले असते तर मी इथे मोबाइल उघडत बसलो असतो का? नऊ हजार लिहायला काय, शाई लागते."

त्याची पद्धत साधी होती. लॅपटॉपच्या निकामी बॅटऱ्यांमध्ये एखाददुसराच सेल मेलेला असतो, बाकीचे धड असतात. ते तो काढायचा, भरायचा, आठवडाभर नुसते ठेवून द्यायचा आणि ज्याची वीज आपोआप उतरली नाही तोच विकायचा. मग मीटरवर रिकामा करून खरा आकडा मार्करने त्यावर लिहायचा. डब्यातल्या सेलवर अठराशे, एकोणीसशे, दोन हजार, एखाद्यावर एकवीसशे असे आकडे होते. माझा हात सवयीने एकवीसशेकडे गेला. मामांनी तो बाजूला सारला आणि दोन हजारवाले दोन सारखे सेल निवडले, आधी तळव्यावर आणि मग आकडा वाचून. "दोन घ्यायचे," ते म्हणाले. "एक डोक्यावर, एक घरात भरलेला."

बाकीचं त्या दोघांनी मला न विचारता ठरवलं. झोताची काच काढून तिथे दुधी काच बसवली, म्हणजे उजेड पुढे न पळता आजूबाजूला पसरेल. पट्ट्याच्या मागच्या बाजूला एक लाल दिवा बसवला, कारण मामा पाठमोरे झाले की दिवा दिसत नाही अशी मामींची जुनी तक्रार होती, जी त्यांनी अर्थातच मला सांगितली नव्हती. आणि दुकानदाराने पथ्य घालून दिलं, की सेल संपो न संपो, तासाभराने घरी यायचं, काहीतरी खायचं आणि सेल बदलायचा. म्हणजे साखरही सांभाळली जाते आणि सेलही. हे सगळं चालू असताना मी दाराशी स्कूटर धरून उभा होतो. तिचा स्टँड मोडला होता आणि स्कूटरही मीच निवडलेली होती.

मामी मात्र अजून धावू शकत नव्हत्या. काही झालं तर धावणार कोण, यावर मामांचं घोडं अडलं. मी म्हणालो, मी धावेन. माझं पोट बघता कुणाला फारसा धीर आला असेल असं नाही, पण जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची सवय त्यांना नव्हतीच. मी ऑफिसातून चार दिवसांची रजा काढली आणि निर्मळला राहायला गेलो.

पहिल्या पहाटे मामा झोळी बांधून मागच्या दाराने उतरले. मामी खुर्चीत बसल्या, प्लास्टरचा पाय पाटावर, मांडीवर मेथीची जुडी. मी शेजारी स्टुलावर, पायांत बूट घालून. चहा झाला होता. वाडीत केळींच्या मागे तो दुधी उजेड हळूहळू सरकत होता, मधेच पाठ झाली की लाल ठिपका व्हायचा. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. मामी मेथी निवडता निवडता मला माझ्या बायकोच्या लहानपणची गोष्ट सांगत होत्या. शाळेत जायचं नाही म्हणून ती एकदा बावखलाकाठच्या आंब्यावर चढून बसली होती आणि मामा काठी घेऊन खाली उभे होते. मामी सांगत होत्या, मी हसत होतो.

बोलता बोलता त्या थांबल्या. हातातली काडी तशीच राहिली. मी वर पाहिलं. वाडीत दिवा एका जागी थांबला होता.

मामी हाक मारत नव्हत्या, फक्त बघत होत्या. मी स्टुलावरून अर्धा उठलो. दिवा जमिनीलगत होता की कमरेइतका उंच, ते मला कळेना. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दिवा हलला, डावीकडे सरकला, पुढच्या झुडपावर गेला आणि पुन्हा आपल्या चालीने चालू लागला.

मामींनी मेथीची काडी खुडली. "हां," त्या म्हणाल्या, "तर मी काय सांगत होते?"

मला आठवत नव्हतं. मी दिव्याकडे बघत होतो.